कुंभाचं माप

"दफनाचा कुंभ कधी पुरता जोडायचा नाही. एक खापर बाहेर ठेवायचं. आणि का, ते विचारायचं नाही."

"का?" शाल्मलीने विचारलं.

आप्पा डबीरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पंचावन्न वर्षं पुरातत्त्व विभागाची फुटकी भांडी जोडत आलेला माणूस. विभागप्रमुख निगुडकर सरसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

"एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ना तू? मग आधी ऐकायला शिक."

"ऐकलं. आता कारण सांगा."

आप्पा हसले. समोरच्या कुंभाचं उरलेलं खापर डबीत ठेवून त्यांनी झाकण लावलं.

साडेतीन हजार वर्षांपूर्वी, विभागाने उत्खनन केलेल्या नदीकाठच्या वस्तीत मूल गेलं, की त्याला मातीच्या कुंभात घालून घराच्याच जमिनीखाली पुरायचे. शाल्मलीचा प्रबंध या कुंभांवर होता. कोणत्या कुंभात किती मावतं, ते बाजरी भरून मोजायचं. आता भोक ठेवलेल्या कुंभात बाजरी राहणार कशी?

आप्पा आठवडाभर गावी गेले, तेव्हा तिने डबीतलं ते एक खापर काढलं आणि चिकटवून टाकलं.

आप्पा परतले तो कुंभ टेबलावर उभा. पुरता. शेजारी शाल्मली, डोळे तारवटलेले.

"सोमवारी अकरा लिटर मावली," ती म्हणाली. "मंगळवारी पावणेअकरा. आज सव्वानऊ."

…

"बाजरी दमट झाली असेल. फुगते," निगुडकर सर दारातूनच म्हणाले.

"रोज उन्हात घालते, सर. आणि हा शेजारचा धान्याचा रांजण बघा. तीच बाजरी, तेच माप. यात रोज तेवढीच मावते."

"मग मोजताना काहीतरी…"

"तुम्ही मोजा ना."

सर दारातून हलले नाहीत.

आप्पा पुढे आले. त्यांनी बाही दुमडली आणि कुंभात हात घातला. वरून पाहिलं तर कुंभ रिकामा होता. तरी हात तळाला पोचला नाही. मध्येच थांबला. बोटं कशावरून तरी हळूच, गोल फिरली. मग आप्पांनी दोनदा थोपटलं आणि हात बाहेर घेतला.

शाल्मलीने हातातलं माप खाली ठेवलं.

"तुम्ही आधी मोजलं होतं," ती म्हणाली.

"एकदा. तुझ्याएवढा असताना."

"मग?"

"चौथ्या दिवशी खापर काढलं. भोक असलं, की ते होतं तेवढंच राहतं."

"घाबरलात?"

"वाढणारं मूल कधीतरी हाक मारतं, पोरी. ज्याने भोक बुजवलं, त्यालाच मारणार."

…

निगुडकर सरांनी घसा खाकरला. "हे बघ, शाल्मली. खापर काढ आणि प्रबंधात अकरा लिही. पहिलं माप खोटं नाहीच. पुढचे आकडे कोण विचारतंय? ते लिहिलेस तर परीक्षक हसतील, आणि माझी सही मिळायची नाही. वर्ष जाईल फुकट."

आप्पांनी चिकटवलेलं सोडवायची बाटली आणि कापसाचा बोळा तिच्यासमोर सरकवला.

"जोडलंस तू. सोडवायचंही तूच."

शाल्मलीने बाटली उचलली. झाकण अर्धं फिरवलं, आणि पुन्हा घट्ट बसवलं.

"म्हणजे पंचावन्न वर्षं," ती म्हणाली, "इथे जेवढी म्हणून मुलं आली, त्यांना तुम्ही वाढू दिलं नाहीत."

"तसं नसतं गं ते…"

"मग कसं असतं? सांगा. कारण विचारायचं नाही, एवढंच ना?"

आप्पांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खाली.

तिने बाटली टेबलावर ठेवली.

"मी खापर काढणार नाही. आकडे सगळे लिहिणार, आजचाही आणि उद्याचाही. सही नको तर नको." तिने कुंभ दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतला. "आणि त्याने हाक मारली, तर मी ओ देणार."

दोघंही कुंभाकडे न बघता ऐकत राहिले.