येसूचा हात

उंबरधारच्या शाळेत नवं पोर आलं की त्याच्या हाती आधी पाटी येत नाही, वर्गातल्या पोरांचे हात येतात. डोळ्यांवर फडकं बांधायचं, एकेकाने समोर येऊन मुकाट हात पुढे करायचा आणि नवख्याने चाचपून नाव सांगायचं. सगळे हात ओळखू आले की मगच बाराखडी. तालुक्याहून येणारे साहेब याला खेळ म्हणतात, मुलांचा आपसात मेळ बसावा म्हणून काढलेला. मेळासाठीच आहे ते, पण खेळ म्हणू नये, असं गावातली म्हातारी माणसं पाहुण्यांना बजावतात. मग कड्याकडे पाठ करून बसतात आणि चंद्रा नावाच्या पोरीची गोष्ट सांगतात.

फार मागे इथल्या वरच्या आणि खालच्या आळीत झऱ्याच्या पाण्यावरून वैर होतं म्हणे. वैर मोठ्यांचं, पण मोठी माणसं सणासुदीला ते थोडं विसरत तरी. पोरं मात्र बारा महिने इमानाने पाळत. एका खोलीची शाळा, आणि तिच्यात दोन आळ्या दोन भिंतींना पाठ लावून बसत. अंताजी गुरुजी घाटाखालून आलेले, तळमळीचा माणूस. पोरांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून त्यांनी हा हात ओळखायचा डाव काढला. त्याला कारणही तसंच होतं. श्रावणात इथे असं धुकं उतरतं की पुढचं माणूस दिसत नाही, आणि शाळेची वाट कड्याच्या अंगाने जाते. त्या दिवसांत पोरांनी हातात हात धरून साखळीने घरी जायचं. धुक्यात ‘मधला’ असतो, असं सांगतात. दोन हातांमध्ये जिथे फट राहते तिथे तो शिरतो.

चंद्रा वरच्या आळीची, हुशार आणि मानी. आपल्या आळीतले हात ती बोट लागताच सांगे. खालच्या आळीतल्या येसूने हात पुढे केला की मात्र ती आपले दोन्ही हात पाठीशी नेई. “त्यांच्या हाताला हात लावायचा न्हाय, आईनं सांगितलंय.” येसू हात मागे घेऊन जागेवर जाऊन बसे. गुरुजीही दामटत नसत; आज ना उद्या पोर वळणावर येईल, असं त्यांना वाटे. तिथेच त्यांचं चुकलं.

एके दिवशी भरदुपारी धुकं उतरलं. गुरुजी पुढे झाले, साखळी निघाली. चंद्रामागे येसू आली आणि येसूमागे, सगळ्यांत शेवटी, चंद्राची धाकटी बहीण कुसी. कुसीला आळीबिळी कळत नव्हती. तिने येसूचा हात आनंदाने धरला होता. चंद्राने वाटेकडेची कारवीची काठी मोडली आणि तिचं टोक मागे केलं.

“ही धर. हात न्हाय मिळायचा.”

वाटभर काठीला मागून ओढ लागत होती. चंद्रा मधूनच हाक मारी, “येसू, हायस ना?” आणि मागून “हाय” येई. वाडीच्या वेशीशी धुकं विरळ झालं तेव्हा तिने वळून पाहिलं. काठी तशीच ताणलेली होती, पण टोकाला कुणी नव्हतं.

काठी टाकून ती उलटी पळत सुटली. कड्यापाशी कुसीचं रडणं ऐकू आलं, पण ते जिथे वाटच नाही तिथून येत होतं. चंद्राने एका हाताने अंजनीच्या झाडाला मिठी मारली आणि दुसरा हात धुक्यात घातला.

“येसू, हात दे!”

एक हात आला. मग दुसरा आला. मग आणखी एक. सगळे पोरीचेच, सगळे गार, आणि प्रत्येकामागून येसूचाच आवाज, “मी येसू. मला धर.” चंद्रा चाचपत राहिली. आपल्या आळीतला कुठलाही हात तिने झोपेतही ओळखला असता. येसूचा कसा आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. भीतीने आणि शरमेने तिला रडू फुटलं.

“मला न्हाय कळत गं!”

सगळे आवाज थांबले. मग अगदी जवळून कुणीतरी दमल्या आवाजात म्हणालं, “ही तरी कळंल न्हवं?” आणि तिच्या तळव्यात एक इवलासा हात कोंबला गेला. नखं कुरतडलेला, कुसीचा. चंद्राने जीव खाऊन ओढला. गुरुजी हाका मारत पोचले तेव्हा धुकं विरलं होतं. कुसी तिच्या कुशीत होती आणि पुढे नुसता कडा होता. येसू कुणाला सापडली नाही, खाली दरीतही नाही.

त्या संध्याकाळी चंद्रा जन्मात पहिल्यांदा खालच्या आळीत उतरली. येसूच्या आईसमोर बसून तिने एवढंच विचारलं, “तिचा हात कसा हुता?” त्या माउलीने तिला मारलं नाही, शिवीही दिली नाही. चंद्राचं बोट धरून तिने स्वतःच्या हातावरून फिरवलं आणि सांगितलं, अंगठ्याच्या मुळाशी तव्याच्या चटक्याचा वण, करंगळी जराशी वाकडी. सांगून झाल्यावर मात्र तिने टाहो फोडला, आणि तो वरच्या आळीपर्यंत ऐकू गेला, असं म्हणतात.

आजही उंबरधारच्या पोरांना सगळ्यांत शेवटी एक हात शिकवतात, जो वर्गात नसतो. आजही धुक्यात साखळी निघाली की शेवटचं पोर आपला मोकळा हात मागे पसरून चालतं. वण लागला तर घट्ट धरायचं, काही झालं तरी सोडायचं नाही. न लागला तर मूठ मिटून पुढे चालायचं, मागे पाहायचं नाही. इतक्या वर्षांत वण कुणालाच लागलेला नाही. हात मात्र लागतात, म्हणे.