नाण्याचा न्याय

“...म्हणजे चुकीचं शिकवलं तरी चालतं का, अप्पा?”

डॉ. अच्युत सोवनींनी हा प्रश्न मठाच्या ओसरीवर, चपला काढायच्याही आधी विचारला.

गुरुपादअप्पा भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होते. टेकडीखालचं कॉलेज मठाचंच. त्यामुळं तिथली कुठलीही कुरकुर शेवटी या ओसरीवर येऊन पोचायची.

“कुणी शिकवलं?”

“हिनं!”

दाराशी मुमताज शिकलगार उभी होती. दुसऱ्या वर्षाची मुलगी. कॉलेजच्या अभ्यासकेंद्रात ती पहिल्या वर्षाच्या मुलांना संख्याशास्त्र समजावून द्यायची आणि त्या बदल्यात वसतिगृहात राहायची. हे काम गेलं की वसतिगृह गेलं, आणि वसतिगृह गेलं की कॉलेजही. ती ओढणीचं टोक चावत होती.

सोवनी त्याच केंद्रातले पगारी मार्गदर्शक. पीएच.डी., खास पुण्याहून आणलेले. त्यांच्या टेबलावर नावाची पाटी होती, डोक्यावर पंखा होता आणि समोरची खुर्ची रिकामी होती. पाण्याच्या टाकीजवळ, मुमताजच्या टेबलाभोवती मात्र ही झुंबड! हा अपमान सोवनींनी सहामाहीभर गिळला. आज तिच्या मागून जाताना जे कानावर पडलं, ते मात्र गिळण्यासारखं नव्हतं.

“काय पडलं कानावर?” अप्पांनी विचारलं.

“सलग पाचदा छापा पडला, तर सहाव्यांदा काटा पडायची शक्यता जास्त! असं शिकवत होती, अप्पा. धादांत चूक! आणि पोरं खुशाल माना डोलवत होती. उद्या हीच पोरं बँकांत बसतील, सरकारचे आकडे काढतील, अन् आपण ते पेपरात वाचू! विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवायचं हे थेर आजच्या आज बंद करा. नाहीतर मी पुण्याला चाललो.”

अप्पांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

“बरोबर काय, ते मला सांगा.”

सोवनी खुलले. चपला काढून, मांडी घालून बसले. स्वतंत्र घटनांपासून त्यांनी सुरुवात केली, सशर्त संभाव्यतेवर आले, फरशीवर बोटानं सूत्र काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. अप्पा मान डोलवत होते. दाराशी मुमताजही.

“समजलं?”

“समजलं,” अप्पा म्हणाले.

“समजलं, सर,” मुमताज म्हणाली.

“याला म्हणतात शिकवणं!” सोवनी म्हणाले.

“मुमताज,” अप्पा हळूच म्हणाले, “काय म्हणाले गं सर?”

“मला नाही समजलं, अप्पा.”

“मग मान कशाला हलवलीस?”

“तुम्ही हलवली म्हणून.”

“अगं, मी तुझ्याकडं बघून हलवत होतो!”

सोवनींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मग विचारायचं! तोंड नाही का?”

“विचारते की, सर.” मुमताज दारातून आत आली. जायचंच आहे तर विचारून जाऊ, असा तिचा एकंदर आवेश होता. “पाचदा छापाच आला, मग आता काट्याची पाळी नको का? नाण्याला काही न्याय आहे का नाही?”

“न्याय?” सोवनी ताडकन उभे राहिले. “अगं बये, नाणं आहे ते! मागच्या वेळी आपण कसे पडलो, हे त्याला काय ठाऊक? त्याला काय डोकं आहे?”

“अय्या!” मुमताज म्हणाली. “त्याच्या ध्यानातच राहत नाही! म्हणजे दर वेळी नव्यानंच पडतं ते!... मग हे आधी का नाही सांगितलं, सर?”

“इतका वेळ हेच सांगत होतो!”

“नाही सर. इतका वेळ तुम्ही स्वतंत्र घटना सांगत होता.”

“हिचं चुकीचं सगळ्यांना कळलं,” अप्पा म्हणाले. “तुमचं बरोबर...” ते मुमताजकडं वळले. “जा पोरी. उद्या सगळ्यांना गोळा कर आणि माझं चुकलं होतं, असं सांग. न लाजता सांग.”

“आणि वसतिगृह, अप्पा?”

“तिथंच जा म्हणतोय.”

ती पळालीच.

सोवनी ओसरीच्या कडेवर येऊन चपला शोधू लागले. “म्हणजे हिला काढणार नाही.”

“नाही.”

“मग मला निरोप द्या.”

“तुम्हाला बरा सोडीन! तुम्ही नसता, तर आज ती आणि मी दोघं चुकीचंच घेऊन बसलो असतो.”

“अहो, पण माझ्या टेबलाकडं कुत्रंही फिरकत नाही, अप्पा! मी तिथं करायचं तरी काय?”

अप्पांनी वाटी पुन्हा जवळ ओढली. दुसऱ्या गुडघ्यावर तेल ओतलं.

“तिच्या शेजारी बसायचं... आणि चिडायचं.”