पात्राखालचा माऊस

“…आणि हिला पुढेही असाच वेळ लागत राहिला तर, भन्ते?”

या प्रश्नाने माझी झोप उडवली होती. कूस बदलता बदलता तो इतका पाठ झाला होता की विहाराच्या पायरीवर चप्पल काढतानाच तोंडातून बाहेर पडला. वंदन राहूनच गेलं.

भन्ते धम्मसार अंगणातला पाला झाडत होते. त्यांनी झाडू थांबवला. माझं बोट धरून उभ्या असलेल्या माझ्या लेकीकडे पाहिलं.

“कोन म्हणते वेळ लागते म्हणून?”

“शाळेतल्या बाई. प्रवेशाआधी मुलांशी बोलतात ना, तेव्हा हिला नाव विचारलं. ही गप्प. सोमवारी परत बोलावलंय. तेव्हाही बोलली नाही तर पुढच्या वर्षी आणा म्हणाल्या.”

“डॉक्टर काय म्हणते?”

“कान तपासले, सगळं तपासलं. पोरगी छान आहे म्हणाले.”

“मग?”

“मग… डॉक्टर काय, थोडा वेळ बघतात.”

भन्ते हसले. मी लेकीला पुढे केलं.

“खेमा, भन्तेंना नमो बुद्धाय म्हण. म्हणतेस ना? सकाळी तर म्हणत होतीस. बरं, नाव सांग. काय नाव आपलं? खे… खे… पाणी पाहिजे का तुला? ते बघ, भिंतीवर कोण चढतंय? बोल ना गं!”

खेमा भिंतीकडे बघत राहिली.

“खेमा नाव आहे हिचं,” शेवटी मीच सांगितलं. “लाजते.”

“मले माहीत आहे,” भन्ते म्हणाले. “मीच ठेवलं.”

मी खेमाच्या फ्रॉकची कॉलर उगाच सारखी केली.

“चाल. कॉम्प्युटर बघून दे आधी.”

खरं तर त्यांनी मला त्यासाठीच बोलावलं होतं. विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली तिथे दिवसभर बसतात. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर. मी शाळेत असताना कुणा उपासकाने दान दिलेला. माझी बोटं त्याच्यावरच टायपिंग शिकली. बारावीचा निकाल मी त्याच्यावरच पाहिला आणि खुर्चीतून उठायचंच विसरले. आज लोकांच्या वेबसाइट बनवून चार पैसे मिळवते, त्याची सुरुवात या कोपऱ्यातली. म्हणून तो आता चालेनासा झालाय हे ऐकून घरातलं कुणी अंथरुणाला खिळल्यासारखं वाटलं.

आणि थोडा तोराही आला. खोटं कशाला बोलू? शेवटी बोलावलं ते मलाच ना.

मी पदर खोचला. मागचं झाकण उघडलं, ब्रशने धूळ काढली. पंख्यात अडकलेलं कोळ्याचं जाळं सोडवलं. मग आतला पसारा. कुणाच्या लग्नाचे व्हिडिओ, कुणाची गाणी, कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप जागे होणारे नाही नाही ते प्रोग्राम.

भन्ते शेजारच्या चटईवर बसले होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, आणि तसं सांगायला त्यांना लाजही वाटत नाही.

“हे कोन आहेत?”

“हे…” मला हसू आलं. “कॉम्प्युटर फास्ट करून देतो म्हणणारे प्रोग्राम. मुलांनी एकावर एक टाकून ठेवलेत. तो जागा झाला की हे सगळे त्याला तपासायला बसतात. त्यातच त्याचा जीव जातो.”

“मग?”

“काढून टाकते.”

“काढ.”

मी काढले. काढताना माझी नजर उगाच माझ्या पिशवीकडे गेली. त्यात फळांची चित्रं होती, प्राण्यांची चित्रं होती, मुलांना लवकर बोलतं करणारं एक पुस्तक होतं आणि बुद्धी वाढवणारं सिरप होतं. पिशवी मी पायाने खुर्चीखाली सरकवली.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

पडदा उजळला तशी बाकांवरून, पुस्तकातून डोकं वर न काढता, सगळ्यांचा एकदम आवाज आला.

“साधु, साधु, साधु!”

विहारात कुठलंही चांगलं काम पार पडलं की असं म्हणतात. हा कॉम्प्युटर सुरू होणं हेही अभ्यासिकेत त्यातच मोजतात.

“आता बघा,” मी म्हणाले आणि मुलांच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फाइलवर क्लिक केलं.

काही झालं नाही.

पुन्हा क्लिक केलं.

एक छोटं वर्तुळ गोल गोल फिरायला लागलं.

क्लिक. क्लिक. क्लिक.

वर्तुळ फिरतंय.

कानशिलं तापली. इतकं सगळं करून…? खेमा माझ्या गुडघ्याला टेकून वर्तुळाकडे बघत होती. बाकावरची एक मुलगी आमच्याकडे बघत होती. निदान मला तरी तसं वाटलं.

“काय करून राहिली?” भन्ते म्हणाले.

“उघडतेय.”

“मघा केलं होतं ना एकदा?”

“उघडलं नाही म्हणून परत केलं.”

“मग त्याले आता काय वाटत असेल?”

“कुणाला?”

“त्याले.” त्यांनी कॉम्प्युटरकडे हनुवटी केली.

“भन्ते, त्याला काही वाटत नसतं. प्रत्येक क्लिक म्हणजे त्याच्यासाठी एक नवी आज्ञा. तो त्या एकामागे एक रांगेत लावतो, आणि…”

मी थांबले.

“आनि?”

“…आणि आणखी हळू होतो.”

“हं.” भन्ते पडद्याकडे थोडं वाकले. “हे गोल गोल काय फिरून राहिलं?”

“म्हणजे काम चालू आहे.”

“कोन सांगते?”

“तोच सांगतो.”

“म्हणजे उत्तर देऊन राहिला तो.”

मला हे सगळं कळत होतं. यातच पदवी घेतलीय मी. तरी हात माऊसकडे गेलाच. क्लिक.

कपाळावरचा घाम पुसायला मी हात उचलला, तेवढ्यात भन्ते उठले. ते बाईमाणसाच्या हाताला हात लावत नाहीत. त्यांनी खिडकीत धुऊन वाळत ठेवलेलं आपलं भिक्षापात्र घेतलं आणि माऊसवर उपडं घातलं.

परत जाऊन बसले.

मी पात्राकडे पाहिलं. खेमाने पात्राकडे पाहिलं.

पंख्याची घरघर… कुणाचं तरी पान उलटणं… बाहेर सायकलची घंटी. माझे हात मांडीवर. त्यांचं काय करायचं ते मला कळेना. आई झाल्यापासून ते असे रिकामे कधी बसले असतील असं मला आठवेना.

वर्तुळ थांबलं.

फाइल उघडली.

“साधु, साधु, साधु!”

मग तीच फाइल दुसऱ्यांदा उघडली. मग तिसऱ्यांदा. जितक्यांदा मी क्लिक केलं होतं, तितक्यांदा तो बिचारा एकावर एक खिडक्या उघडत गेला. माझी एकही आज्ञा त्याने गाळली नाही.

“ताई,” बाकावरची ती मुलगी म्हणाली, “दर खिडकीले साधु म्हणायचं का?”

अख्खी अभ्यासिका हसली. मीही. हसता हसता डोळ्यांत पाणी का आलं ते कळलं नाही.

भन्तेंनी मॉनिटरवर हात ठेवला, दमून आलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा.

“लय लेकरं शिकवली यानं.”

“मला पण,” मी म्हणाले. एवढंच म्हणता आलं.

मग मी एकेक जास्तीची खिडकी बंद करणार, तेवढ्यात खाली माझ्या गुडघ्याशी हालचाल झाली. खेमाने हात जोडले होते. भन्तेंकडे बघून.

“नमो बुद्धाय.”

माझ्या तोंडून निघालंच. “शाब्बास माझी बा…”

भन्तेंनी पात्र उचललं. आधी पात्राकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

मी ओठ मिटले.

कुणीच काही विचारलं नाही. खेमाने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग दाराबाहेर. तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी होती. ती माझ्याही कपाळावर येते, असं आई म्हणते.

“खेमा,” ती म्हणाली.

बराच वेळ गेला.

“पाणी नको.”

पायरीवर मी विचारलेलं, विचारून विसरलेलं, उत्तराची वाट न बघता सोडून दिलेलं… सगळं तिच्याकडे जागच्या जागी होतं. ओळीने. तिने एकही प्रश्न गाळला नव्हता.

बाकांवरच्या मुलांनी पेनं खाली ठेवली होती. आता फक्त भिंतीवरचा प्रश्न उरला होता. खेमा दाराबाहेर, त्या भिंतीकडे बघत होती. ओठ हलल्यासारखे झाले… थांबले… पुन्हा हलले…

मी हाताच्या मुठी आवळल्या. जीभ दाताखाली धरली. जितकं थांबता येतं तितकं थांबले. अगदी मनापासून थांबले.

“आणि भिंतीवर, बेटा? भिंतीवर कोण होतं?”

भन्तेंनी डोळे मिटून घेतले.

खेमा वळली. तिने आपला इवलासा तळवा माझ्या हातावर उपडा ठेवला.

“थांब ना, आई. मी सांगून राहिली.”