टोकाईचं निशाण

"आबा, दगडाशी काय बोलता तुम्ही?"

हैबती आबांनी एका खोबणीतून पाय उचलला, मान वळवून त्या रिकाम्या खोबणीकडे नीट बघितलं, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि वरच्या खोबणीला लागले.

चैत्राचं ऊन. दहाही वाजले नव्हते, तरी टोकाईच्या सुळक्याचा कातळ तव्यासारखा तापलेला. जत्रा चार दिवसांवर. जत्रेच्या सकाळी देवीचं निशाण कमरेला बांधून एकाच माणसाने, दोराशिवाय, माथ्यावर जायचं आणि ते तिथे रोवून यायचं, ही गावाची रीत. छत्तीस वर्षं तो मान आबांचा. यंदा ते दुसऱ्याला देणार होते, आणि रावजीला द्यायचा की नाही हे आज ठरणार होतं.

रावजीच्या मते त्यात ठरवायचं काही नव्हतंच. तीन वर्षं तो आबांच्या मागे लागला होता. पंचक्रोशीतले सगळे कडे झपझप चढायचा आणि मागच्या गुरांच्या वाटेने शीळ घालत उतरायचा. फक्त या सुळक्यावर मानकऱ्यावाचून पाय ठेवायचा नाही, म्हणून हा एक राहिला होता.

"मंत्र आहे ना तो?"

"असेल."

"मग मलाही द्या की!"

"चढताना नाही लागत."

रावजी हसला. "मला चढताना काहीच लागत नाही, आबा."

"दिसतंय."

झालं! गडी जो सुटला, तो मागे वळून बघायला तयार नाही. आबा अर्ध्यात असताना हा माथ्यावर बसून पाय हलवत होता. चढण्यात पोरगा वाघ होता, ते नाकारून कसं चालेल?

आबा पाऊण तासाने पोहोचले. देवीच्या शेंदरी दगडाला हात जोडले, टेकले, दम घेतला.

"आता तरी द्या मंत्र."

"आता उतर. तू पुढे, मी मागे."

रावजीने इकडेतिकडे बघितलं. या सुळक्याला मागची वाट नव्हती. गुरं काय, इथे शेळीही आली नसती. आल्या कड्यानेच उतरायचं होतं.

कातळाकडे तोंड करून तो दहा-बारा हात उतरला. मग डावा पाय खाली सोडला... चाचपला... काहीच लागेना. चढताना ज्या खोबणीवर पाय देऊन तो वर आला होता, ती आता पोटाखाली कुठेतरी दडली होती.

"आबा... खोबणी कुठे गेली?"

"तिथेच आहे."

वर जावं, तर हात भरून आलेले. खाली बघावं, तर घरं काडेपेटीएवढी. तळव्यांना घाम सुटला. एवढा तोंडाळ पोरगा, पण त्याची पाचावर धारण बसली.

"आबा! पडतो मी!"

"पडत नाहीस. गाल दगडाला लाव."

त्याने लावला. चटका बसला, तरी तसाच राहिला.

मग वरून आबांचं तेच पुटपुटणं ऐकू आलं. आता मात्र मोठ्याने.

"डावा पाय. वीतभर खाली... जरा बाहेर. गवत लागेल, त्याच्या उजवीकडे."

पाय टेकला.

"उजवा. गुडघाभर खाली. बोटंच मावतील, टाच शोधत बसू नकोस."

टेकला.

असं एकेक पाऊल. आबांना एकही खोबणी आठवावी लागली नाही.

अर्ध्यात आल्यावर रावजीने विचारलं, "आबा... हाच का तो मंत्र?"

"मंत्र म्हण, नाहीतर उतरायची वाट म्हण. आता डावा."

पायथ्याला उंबराची सावली होती. रावजी तिथे मटकन बसला. गटागट पाणी प्याला.

"आबा, निशाण दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का रे?"

"मी घाबरलो." तीन वर्षांचं स्वप्न होतं ते, आणि स्वतःच्या तोंडाने मोडताना त्याला रडू येत होतं. "खोटं कशाला बोलू? मी नाही त्या लायकीचा."

आबांनी कोपरीच्या आतून घडी केलेलं निशाण काढलं. त्याला उभं केलं. निशाण त्याच्या कमरेला गुंडाळून गाठ मारली.

"आबा, ऐकलंत ना? घाबरलो म्हणतोय मी!"

"ऐकलं."

आणि आबांनी वर दुसरी गाठ मारली.

रावजी खुळ्यासारखा कधी गाठीकडे, कधी त्यांच्याकडे बघत राहिला. मग भीतभीतच म्हणाला, "तुम्हाला वाटते भीती? तिथे वर?"

"पस्तीस वर्षं वाटली."

"आणि नंतर?"

आबा सुळक्याकडे बघत होते...

"गेल्या साली नाही वाटली, रावजी. म्हणून तर सोडतोय."