फुलपात्रातली शाई

एकदा एक गृहस्थ नदीकाठच्या मठात वृद्ध आचार्यांकडे शिकायला येऊ लागला. नाव श्रीरंग, वय पन्नाशीच्या आसपास. पाठ सुरू असताना इतर शिष्य टिपणे काढत. हा नुसता ऐकत बसे. खिशाला मात्र एक शाईचे पेन असायचे. हलक्या, पारदर्शक प्लास्टिकचे, पोलादी निबेचे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे अगदी साधे पेन.

ते त्याच्या मुलीचे, केतकीचे होते. बारावीच्या परीक्षेसाठी तिने स्वतः निवडून आणलेले. "बाबा, स्वस्तातले आहे, टोपणही जरा सैल आहे; पण बघा ना, कागदावर किती अलगद चालते!" असे म्हणून तिने वर्तमानपत्राच्या कडेला आपले नाव गिरवून दाखवले होते. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी तिने पेन काठोकाठ भरले आणि पहाटे तिला ताप चढला. पेपर राहिलेच. त्याच तापात केतकी गेली.

तेव्हापासून श्रीरंगने पेन उघडले नव्हते. आतली शाई आटत आटत काळपट झाली होती. तो ती उजेडात धरून पाही आणि पेन पुन्हा खिशाला लावी.

एके दिवशी पाठ संपल्यावर आचार्य म्हणाले, "श्रीरंग, ते पेन जरा दे."

त्याने दोन्ही हातांनी दिले. आचार्यांनी टोपण काढले, पेनाचे भाग सुटे केले आणि समोरच्या फुलपात्रात घोटभर पाणी होते त्यात सोडले. पाण्यात निळे धागे उतरू लागले.

"गुरुजी, हे काय केलेत!" श्रीरंग ओरडला. "तिच्या हातची शाई होती ती! माझ्याजवळ तिचे दुसरे उरलेय काय?"

तो पुढे झेपावला, पण पाण्यात हात घालायचा धीर होईना. तिथेच गुडघ्यांवर बसून तो रडला. मुलगी गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

आचार्यांनी त्याला रडू दिले. मग म्हणाले, "अरे, तिने ही लिहायला भरली होती. तू इतकी सांभाळलीस की ती वाळत चालली. आणखी काही वर्षांनी निबेत खडा होऊन बसली असती. मग शाईही गेली असती आणि पेनही. तुझे दुःख धुण्याची विद्या माझ्यापाशी नाही, बाळा. पण या पाण्यात तिची शाई अजून आहे. याने लिही."

"काय लिहू?"

"तिच्याविषयी. जे कुणापाशीच बोलला नाहीस, ते."

पेन जोडून त्यांनी त्यात तेच निळे पाणी भरले. पहिला शब्द उमटायला फार वेळ लागला. अक्षरे इतकी फिकट, की ओली असतानाच काय ती दिसत. तरी श्रीरंग लिहीत राहिला. ऊन ओसरीवरून उतरले, तेव्हा पेन कोरडे पडले.

तो बराच वेळ ते हातात धरून बसला. मग हलकेच म्हणाला, "गुरुजी, थोडी शाई द्याल?"

आचार्यांनी दौत पुढे सरकवली. पेन त्याने स्वतःच भरले. केतकी जेमतेम पाच वर्षांची होईपर्यंतचेच लिहून झाले होते.