छताला टांगलेली सायकल

"आणि वाटेत बोगदा लागला तर?" मी विचारलं.

शमुवेल मिस्त्रींनी फिरतं चाक हाताने थांबवलं. "तुमच्या रस्त्यात बोगदा आहे?"

"नकाशात तरी नाही."

"अंधारात चालवणार आहात?"

"नाही. दुपारी तीनला मुक्काम गाठायचा, असं ठरलंय."

"मग दिवा कशाला, सर?"

"लागलाच तर..."

त्यांनी चाकाला हात मारला. चाक पुन्हा फिरायला लागलं.

मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. अर्थशास्त्रात डॉक्टरेट, अडतीस वर्षं शिकवण्याचा अनुभव, आणि आयुष्यात पहिल्यांदाच परदेशात सायकलवर जाणार होतो. व्हिएतनाममध्ये हनोई ते ह्युए, सुमारे सातशे किलोमीटर. बरोबर माझा जुना सहकारी वासलेकर. विमान शुक्रवारचं, आणि तो सोमवार होता.

तिकीट मी त्याआधी दोनदा पुढे ढकललं होतं. एकदा सीटसाठी, एकदा पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांसाठी. आता चाकावर चालणारा दिवा जर्मनीहून यायचा होता, तो वाटेत कुठेतरी होता. वासलेकरने सांगून टाकलं होतं, "या वेळी मी थांबणार नाही." डॉक्टरही गुडघा दाबून म्हणाले होते, "यंदा जा. पुढच्या वर्षीचं मला विचारू नका."

मी मिस्त्रींकडे आलो, कारण मला दुसऱ्या कुणाचं पटलं नसतं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली हा माणूस मुंबईहून जहाजाने बसऱ्याला उतरला आणि तिथून सायकलने इस्तंबूलला गेला, हे नगरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर फोटो होता. मशिदीसमोर सायकल धरून उभा असलेला, टोपीने अर्धा चेहरा झाकलेला एक तरुण. छताला दोन हूक होते. एका हुकाला ती सायकल दोरीने टांगलेली होती, चारी पिशव्यांसकट.

वर्षभर दर सोमवारी मी त्यांच्या स्टुलावर बसून शिकत होतो. पंक्चर काढायला शिकलो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे तीन वेळा चुकल्यावर शिकलो. प्रवासाबद्दल मात्र कितीदा विचारलं तरी ते गप्प राहायचे. त्या गप्प राहण्यात मला मोठा अर्थ दिसायचा. दोन-तीन ठिकाणी मी तो सांगितलाही होता.

"मिस्त्री, तुम्ही म्हणाल तसं करतो," मी मोबाइल पुढे केला. तिकीटवाल्याचा नंबर काढूनच ठेवला होता. "महिनाभर पुढे ढकलू?"

"यादी दाखवा."

सात पानं होती. एकशे त्रेचाळीस वस्तू, चार रंगांत. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत पूर्ण वाचली. मध्ये एक गिऱ्हाईक हवा भरून गेलं. मी वाट पाहत होतो. खरं सांगायचं, तर शाबासकीची.

"काही राहिलंय का?" मी विचारलं.

"नाही. चांगली आहे." त्यांनी पानं नीट जुळवली. "माझी एकशे साठची होती."

मग ते उठले आणि भिंतीवरच्या खुंटीला गुंडाळलेली दोरी सोडायला लागले.

सायकल हळूहळू खाली आली. कप्पीचा आवाजसुद्धा झाला नाही. रोज तेल दिल्यासारखी होती.

"हात लावा."

मी घाबरतच हँडलला हात लावला. इतकी मोठी वस्तू.

"तिथे नाही. टायरला."

मी टायरवरून हात फिरवला... आणि थांबलो.

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. रस्त्यावर चार दिवस चालवली की झिजून जातात. हे मिस्त्रींनीच मला पहिल्या महिन्यात दाखवलं होतं.

त्या टायरवर सगळे केस होते.

"टायर बदललेत तुम्ही," मी म्हणालो.

"दर पाच वर्षांनी बदलतो. रबर वाळतं."

"आणि आधीचे? इस्तंबूलचे?"

"त्यांनाही असेच केस होते, सर."

मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "म्हणजे?"

ते पुढच्या पिशवीचा पट्टा काढत होते. आतून त्यांनी एक डबा काढला. सोल्यूशनची नळी, पंक्चरचे तुकडे, घासायचा कागद. नळी मऊ होती, म्हणजे ताजी. औषधाच्या गोळ्यांच्या बाटलीवर चालू वर्षाची तारीख होती. मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट निघाला. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

मी पानं उलटली. एकही शिक्का नव्हता.

"मुदत संपली की नवा करून घेतो," ते म्हणाले.

मी स्टुलावर बसलो. वर्षभर ज्या माणसाच्या पायाशी बसलो होतो तो कुठेही गेला नव्हता. भिंतीकडे बोट करायलाही मला वेळ लागला.

"मग तो फोटो..."

"गंगाधर शेकटकर. माझा भागीदार. दुकान दोघांचं होतं. सायकली आम्ही दोघांनी मिळून बांधल्या, एकसारख्या. तिकिटंही एकाच जहाजाची होती."

"लोक म्हणतात तुम्ही गेलात."

"लोक म्हणतात. मी कधी म्हणालो?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच, कधीच नाही. बारा महिन्यांत एकदाही नाही. तो फोटो, ती सायकल आणि त्यांचं गप्प बसणं, हे सगळं माझं मीच जोडलं होतं.

मला राग आला. स्वतःचा येत असणार, पण मी तो त्यांच्यावर काढला.

"मला सांगायला काय झालं होतं? मी दर सोमवारी..."

"तुम्ही विचारत होतात तिथले रस्ते कसे आहेत. मला काय माहीत?"

ते पिशवीतली प्रत्येक वस्तू पुन्हा जागेवर ठेवत होते. चुकूनसुद्धा जागा बदलत नव्हती.

"मग तुम्ही मागे का राहिलात?" मी हळू आवाजात विचारलं.

"पुढच्या चाकावरचं कॅरिअर यायचं होतं. मुंबईहून. पोलादी, खास सांगून करून घेतलेलं. गंगाधर म्हणाला, दोरीने बांध आणि चल. मी म्हटलं, दोरी तुटली तर?"

"आलं का ते?"

"जहाज सुटल्यावर चार दिवसांनी." त्यांनी कॅरिअरवर बोटाने टिचकी मारली. घंटेसारखा आवाज आला. "अजून हलत नाही, बघा. उत्तम काम आहे."

"पुढच्या जहाजाने जायचं होतं."

"जाणारच होतो. पण तेवढ्यात चेनचा विचार आला."

बाहेरून एक टेम्पो गेला. ते फडक्याने मडगार्ड पुसत राहिले. त्यावर धूळ नव्हती.

"गंगाधर... परत आले?"

"चौदा महिन्यांनी. एक दात पडलेला, मागचा ब्रेक नाही. तुम्ही बसलात ना, त्याच स्टुलावर बसून चहा प्यायला. मी विचारलं, काय काय नेलं होतंस, कशाचा उपयोग झाला?"

"काय म्हणाले?"

"म्हणाला, आता आठवत नाही रे."

मिस्त्री हसले. मला हसता आलं नाही.

"त्यांची सायकल?"

"विकली त्याने. पुढे तो पुण्याला गेला. वारला, सात वर्षं झाली." त्यांनी फडकं झटकलं आणि खिशात ठेवलं. "फोटो त्यानेच लावला होता. मी काढला नाही."

मोबाइल माझ्या हातात होता. पडदा मालवला होता. मी तो पुन्हा लावला. तिकीटवाल्याचा नंबर तसाच समोर होता. अंगठा त्याच्यावर होता. हे लिहायला मला लाज वाटते, पण इतकं सगळं पाहिल्यावरही मी तो अंगठा उचलला नाही. डोक्यात एकच चाललं होतं. माझी गोष्ट वेगळी आहे. मला फक्त एक महिना हवा आहे. फक्त दिवा.

मी तसं म्हणालोही. "मिस्त्री, माझा एवढा एक दिवाच राहिलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं चाक सरळ झालंय का, हे एक डोळा मिटून पाहतात, तसं.

मग दोरीचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

"ओढा."

मी मोबाइल खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी दोरी ओढली. सायकल जमिनीवरून उचलली गेली. जड होती. माझ्या सायकलीएवढीच. चाकं हवेत आपोआप थोडी फिरली आणि थांबली. ती छताला लागल्यावर मिस्त्रींनी माझ्या हातातून दोरी घेतली आणि खुंटीला तीन वेढे देऊन पक्की बांधली.

मी वर पाहत राहिलो.

"तो शेजारचा हूक गंगाधरचा," ते म्हणाले. "मजबूत आहे, सर. तुमची आरामात राहील."