लाल मातीच्या मुठीतली स्फुरी

सगळा दोष धोंडी अप्पांचा. नशीब, देवाची इच्छा, असलं काही नव्हतं. अप्पांचाच.

टेकडीच्या पायथ्याशी लालचुटुक मातीचा एक फुलमळा होता. त्यातले वाफे घराघरांत वाटलेले, पण पाटाच्या झडपेची चावी एकट्या अप्पांच्या कमरेला. त्यांचा हुकूम होता, मळा अंगणासारखा झाडलेला पाहिजे. ज्याच्या वाफ्यात पान नाहीतर काडी दिसेल, त्याची पाण्याची पाळी बंद. पाचोळा ओढ्याकाठी नेऊन जाळायचा, शेणाच्या गोवऱ्या थापायच्या, चुलीतली राख ओढ्यात टाकायची. ओढा ते सगळं घेऊन जायचा आणि त्यातला कणही परत आणायचा नाही. पारावर इतकी पांढऱ्या मिशांची माणसं बसायची, पण एकालाही हे खटकलं नाही. मळा कसा चकचकीत दिसतो म्हणून माना डोलवायची.

हौशीचा वाफा सगळ्यात टोकाला, अगदी पिटुकला. घरात ती आणि तिची आई, दोघीच. दसऱ्याला झेंडू विकला तरच हिवाळाभर चूल पेटायची. आणि यंदा झेंडू वाढेचना. इवली इवली रोपं जागच्या जागी खुरटली, पानं खालून जांभळी पडली, थंडीनं ओठ पडतात तशी. हौशी रोज उठून आधी पानं बघायची. रोज जांभळा रंग थोडा वर चढलेला असायचा.

“आई, फुलं नाही आली तर?”

“येतील.”

“पण नाही आली तर?”

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. “तर तुला मामाकडं ठेवावं लागेल. मी जाईन कुठंतरी कामाला. जेव आता गुमान.”

हौशीनं भाकरी तशीच ठेवली.

एका संध्याकाळी पाचोळा जाळायची पाळी तिच्यावर आली. तिनं काडेपेटी काढली आणि थबकली. ढिगात कुणीतरी वळवळत होतं. गुलाबी गांडुळं, हिरव्या चमचमत्या पाठीचे भुंगे, मोत्याएवढ्या गोगलगाई. हौशीनं एकेकाला अलगद उचलून फ्रॉकच्या ओच्यात घेतलं. ढिगाच्या तळाशी कापसाहून बारीक पांढऱ्या धाग्यांचं जाळं होतं, आणि त्या जाळ्यात काजव्यासारखं निळं-हिरवं काहीतरी लुकलुकत होतं. मुगाच्या दाण्याएवढी परी. अभ्रकाचे पंख, दवाचा झगा.

“जाळू नकोस गं,” परी म्हणाली. “माझं घरदार आहे यात.”

“तू कोण?”

“स्फुरी. शाळेच्या पुस्तकात मला स्फुरद नाहीतर फॉस्फरस म्हणतात, पण तिथं माझे पंख दाखवत नाहीत. तू माझी माणसं वाचवलीस. एक इच्छा माग.”

“माझ्या झेंडूला फुलं येऊ देत.”

परीचा उजेड जरा मंदावला. “इतर पऱ्यांसारखी मी आभाळातून काही आणत नाही. मला वाऱ्यावर बसता येत नाही. खडकातून मी सुटते, पण फार सावकाश. नाहीतर पानातून, शेणातून, हाडातून मातीत परत येते. जे मातीतून गेलं ते मातीत आलं, तरच मी आहे.”

“म्हणजे आमच्या वाफ्यात तू नाहीसच?”

“आहे, थोडीशी. पण लाल मातीनं मला मुठीत आवळून धरलंय. माझी चिमुकली पिल्लं असतात, डोळ्यांना न दिसणारी. ती आंबट थेंब सोडतात, मग मातीची मूठ सैल होते. हे पांढरे धागे मला मुळापर्यंत पोचवतात, आणि मूळ त्यांना बदल्यात साखर देतं. पण पिल्लं उपाशी आहेत. त्यांचं जेवण तुमचे अप्पा जाळतात.”

“मग मी काय करू?”

“हा पाचोळा वाफ्यात पसर, शेण घाल. आणि फूल उमलेपर्यंत माती उकरून बघायची नाही. धागे तुटले तर मी पोचणार नाही.”

“अप्पा पाणी तोडतील.”

“तोडतील,” परी म्हणाली.

सकाळी अप्पा काठी आपटत आलेच. “ए पोरी, हा उकिरडा कुणी केला?”

“मी, अप्पा. मातीला जेवायला घातलंय.”

“मातीला पोट असतं होय? मग पानसुपारी पण दे तिला.” अप्पा हसले. अप्पा हसले म्हणून पारावरचेही हसले. “उचल सगळं.”

“नाही उचलणार.”

“हौशे, ऐक की,” आई हळूच म्हणाली. “चावी त्यांच्याकडं आहे.”

झडप बंद झाली.

हौशी ओढ्यावरून कळशीनं पाणी आणू लागली. ऊन कडक होतं. पाण्याहूनही जड होती ती भीती. मातीत खरंच कुणी आहे का? परीनं फसवलं असलं तर? एकदाच, नखाएवढी माती बाजूला करून बघावी? मग ती स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायची आणि मनात मामाचं घर मोजून बघायची, तिथं आपलं अंथरूण कुठं घालतील ते.

पण पाचोळ्याखाली माती ओलसर राहिली. जांभळा रंग चढायचा थांबला. मग एक कोवळं पान आलं, हिरवंगार. त्याच्या कुशीत एक कळी, अगदी मिरीएवढी.

दसऱ्याच्या पहाटे वाफा केशरी-पिवळ्या फुलांनी गच्च भरला होता. इतरांचे झाडलेले वाफे पाणी पिऊनही शेंड्यापर्यंत जांभळे, आणि अप्पांचा सगळ्यात जास्त.

सगळ्यात मोठ्या फुलावर स्फुरी बसली होती. “मी आता या फुलांत आहे, हौशी. फुलं जातील तिकडं मीही जाईन. सुकलेले हार परत आणायला सांग, नाहीतर पुढच्या वर्षी मी नसेन.” तिनं पंख झटकले. निळा-हिरवा उजेड पाकळीपाकळीवर सांडला, वाफाभर झगमगला, आणि परी त्यात विरून गेली.

गाव फुलं विकत न्यायला आलं. अप्पाही आले. “तोरणापुरती दे.”

“घ्या अप्पा, तुम्हाला तशीच देते. फक्त सुकलं की तोरण इथं आणून टाका.”

“मी? कचरा वाहू तुझ्या वाफ्यात?”

“वाहावा लागेल, अप्पा,” हौशीची आई म्हणाली. या वेळी हळूच नाही.

अप्पा पाठ फिरवून निघून गेले. बाकीच्यांनी सुकलेले हार आणून टाकले. कुणी शेणाच्या पाट्याही आणल्या. हौशी मामाकडं गेली नाही.

अप्पांच्या दाराला त्या दसऱ्याला तोरण लागलं नाही. पुढच्या लावणीआधी गावानं त्यांच्याकडची चावी काढून घेतली.